शुक्रवारचे पापलेट

ख्रिस्ती वर्षातील उपवासकाळ, ज्याला प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात आणि जो लोकांच्या मोजणीत भस्म बुधवारी सुरू होऊन ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो, तो ४० दिवसांचा असतो असे सर्वत्र सांगितले जात असले, तरी दिनदर्शिका पुढ्यात घेऊन बसणाऱ्यास ते दिवस ४६ भरतात. कारण मधले सहा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे दिवस मानले जाऊन उपवासाच्या हिशेबातून वगळले जातात. वसईपासून आगाशीपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत एरवी ज्यांचे गणिताशी कधी जमले नाही अशा गृहस्थांनाही ही वजाबाकी मुखोद्गत असते, कारण ज्याने या काळापुरती बिअर सोडलेली आहे त्याच्या दृष्टीने रविवार मोजावा की वगळावा हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही.

या काळाचा आरंभच एका पेचाने होतो. भस्म बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या मुख्य उपासनेत, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचे वाचन असते आणि त्यात येशूने बजावलेले असते की उपवास करताना दांभिकांसारखा चेहरा उतरवून फिरू नये, उलट तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून असे वावरावे की उपवास आहे हे पित्यावाचून कोणास कळू नये. हे वाचन ऐकून झाल्यावर तीच मंडळी रांगेने पुढे जातात आणि मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून तयार केलेली राख धर्मगुरूंकडून कपाळाच्या ऐन मध्यभागी क्रूसाच्या आकारात लावून घेतात. रोममध्ये ही राख टाळूवर भुरभुरली जाते आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे व्हॅटिकनने तीच पद्धत जगभर सुचवली होती, पण कपाळाची सवय लागलेल्या भाविकांस ती फारशी रुचली नाही. टाळूवरची राख देवाला दिसत असली, तरी शेजाऱ्याला दिसण्यासाठी शेजारी बराच उंच असावा लागतो.

अर्थात महाराष्ट्रात या प्रदर्शनाची एक स्थानिक अडचण आहे, जिची कल्पना पाश्चात्त्य देशांतील धर्मपंडितांना नसावी. तेथे कपाळावर राख घेऊन कचेरीत गेलेल्या माणसाला कोणी तरी हटकतेच. विरार लोकलमध्ये मात्र कपाळावर राख असणे ही इतकी सर्वमान्य गोष्ट आहे, की सहप्रवासी तो एखाद्या देवस्थानचा अंगारा समजून निवांतपणे आपल्या वर्तमानपत्राकडे वळतात. ज्याला आपले प्रायश्चित्त लोकांच्या नजरेस यावे असे मनातून वाटत होते, त्याला आता एक तर स्वतः होऊन खुलासा करावा लागतो किंवा कोणाच्याही लक्षात न येता उपवास करावा लागतो, आणि अशा रीतीने मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचे पालन त्याच्याकडून पश्चिम रेल्वे करवून घेते.

भोजनाचे नियम मुळात सौम्य आहेत. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत नियमसंहितेनुसार, भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी उपवास सक्तीचा आहे, व उपवास याचा अर्थ एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्पसे खाणे असा परंपरेने घेतला जातो. शुक्रवारचे मांसवर्जन चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होते, तर उपवास अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. या शेवटच्या मर्यादेचा एक परिणाम असा की केसांना कलप लावून वर्षभर स्वतःस पंचेचाळिशीत ठेवणारे काही सद्गृहस्थ त्या दोन दिवशी अचानक आपले खरे वय आठवतात आणि क्वचित त्यात दोन-चार वर्षांची भरही घालतात.

मासळी मात्र या कायद्याच्या दृष्टीने मांस नव्हे, आणि येथेच वसईकराच्या सचोटीची परीक्षा सुरू होते. शुक्रवारी कोंबडी वर्ज्य म्हणून पापलेट आणायचे, ते मसाला लावून तव्यावर परतायचे, सोबत कोळंबीचे कालवण करायचे आणि जेवण आटोपल्यावर त्यागाच्या समाधानाने सुस्कारा टाकायचा, हा क्रम कायद्याच्या एकाही शब्दाचा भंग करीत नाही, जरी त्या दिवशीचा बाजारखर्च वर्ज्य केलेल्या कोंबडीच्या कैक पट होत असला. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याने ख्रिस्ती शेजाऱ्याच्या पापलेटास हसण्याचे कारण नाही; शिवाय साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची हे उपवासाच्या ताटातील पाचही मानकरी मूळचे अमेरिका खंडातील असून ते भारतात आले ते प्रामुख्याने पोर्तुगीजांच्या मागोमाग, म्हणजे स्वतः शुक्रवारी मासळी खाणाऱ्या खलाशांच्या गलबतांतून. युरोपानेही या बाबतीत कल्पकतेची कमतरता दाखवलेली नाही. सतराव्या शतकात क्वेबेकमध्ये पाण्यात राहतो म्हणून बीव्हर हा केसाळ प्राणी मासळीच्या सदरात घेण्यात आला, व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा डुकराएवढा कृंतक उपवासकाळात आजही चवीने खाल्ला जातो, आणि फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलचा एक मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो, कारण उपवासकाळात लोणी खाण्याच्या परवानगीपोटी भाविकांनी दिलेल्या पैशांतून त्याचा खर्च भागवला गेला, अशी त्याची ख्याती आहे.

तथापि पापलेटावर इतकी शाई खर्च केल्यानंतर हेही नमूद करणे प्राप्त आहे की पापलेट खाणारा हा या काळातील सर्वांत निरुपद्रवी पापी होय, कारण तो जे करतो ते उघड्या खिडकीतून साऱ्या आळीला वास येईल अशा रीतीने करतो. खरा अभ्यासविषय आहे तो त्याग करणारा मनुष्य. कारण धूम्रपान सोडलेला कुटुंबप्रमुख चर्चमध्ये पहिल्या बाकावर जितका शांत दिसतो तितकाच घरी पोहोचल्यावर चपलांच्या जागेवरून, पंख्याच्या आवाजावरून आणि मुलाच्या गुणपत्रिकेवरून भडकतो, आणि साखर सोडलेली गृहिणी पहिल्या आठवड्यात स्वतःचा चहा बिनसाखरेचा करते, दुसऱ्या आठवड्यात साऱ्या घराचा. प्रायश्चित्त एकाने स्वीकारायचे आणि ते भोगायचे मात्र घरादाराने, ही व्यवस्था कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेली नसूनही बहुतेक घरांत सुरळीत चालते. आणि त्या घरातील माणसे ईस्टरची वाट ज्या आतुरतेने पाहतात, तिचा संबंध पुनरुत्थानाशी किती आणि साखरेच्या डब्याशी किती, हे सांगणे अवघड आहे.

हे दुखणे जुने आहे. चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तोम हे अंत्युखिया नगरीत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या येथे, धर्मगुरू असताना इ. स. ३८७ मध्ये तेथे करवाढीवरून दंगल झाली, जमावाने सम्राटाचे व त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे फोडले आणि सारे शहर शिक्षेच्या भीतीने हबकून गेले. नेमका त्याच वेळी उपवासकाळ आला. त्या दिवसांत ख्रिसोस्तोम यांनी जी प्रवचने केली त्यांत त्यांचे एक म्हणणे असे होते की उपवास तोंडाने करावा तसाच डोळ्यांनी, कानांनी, हातांनी आणि पायांनीही करावा, कारण पक्षी आणि मासळी वर्ज्य करून भाऊबंदांचे लचके तोडले तर त्यातून काय साधले. विशेष हे की येथे मासळीसुद्धा वर्ज्य धरलेली आहे, यास्तव शुक्रवारच्या पापलेटाच्या समर्थनार्थ ख्रिसोस्तोम यांचा हवाला न दिलेला बरा. चुगली हा पदार्थ मात्र कोणत्याच शतकात वर्ज्य यादीत टिकलेला दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांची प्रार्थना, आटोपल्यावर चर्चच्या आवारात जे पंधरावे स्थान आपोआप भरते, तेथे अनुपस्थित व्यक्तीचे दुःखसहन तपशीलवार पाहावयास मिळते.

पापनिवेदनाच्या बाबतीतही, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात, खाजगी आणि सार्वजनिक यांची सीमारेषा भाविकाने स्वतःच्या सोयीने आखलेली असते. धर्मगुरूंनी पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही परिस्थितीत उघड करू नये असा कडक नियम आहे, पण ज्या फादरांना सकाळी दूध आणताना नमस्कार करायचा त्यांनाच संध्याकाळी आपली पापे सांगावीत हे कित्येकांना जड जाते, म्हणून उपवासकाळात बाहेरगावचे पाहुणे धर्मगुरू आले की त्यांच्यापुढील रांग लांबत जाते आणि स्थानिक फादर शेजारच्या खुर्चीत जपमाळ ओढत बसतात. देवाला सर्व ठाऊक असलेले चालते, धर्मग्रामाच्या फादरांना निम्मे कळलेलेही चालत नाही, अशी ही श्रद्धा आहे.

दानधर्माविषयी येशूचा दंडक असा की उजवा हात काय करतो ते डाव्या हातास कळू नये. हा दंडक मोबाइलपूर्व काळातील असल्याने त्याचे पालन आता कठीण झाले आहे, कारण उजव्या हाताने तांदळाची पिशवी देताना छायाचित्र काढण्याचे काम डाव्याच हाताकडे असते. त्या मानाने चर्चमधील पंख्याच्या पात्यावर दात्याचे नाव रंगवण्याची पद्धत, जी महाराष्ट्रात देवळांपासून चर्चपर्यंत सर्वधर्मीय आहे, अधिक विनयशील म्हटली पाहिजे: पंखा फिरत असेपर्यंत नाव कोणालाच वाचता येत नाही, आणि वीज गेली की उकाड्याने वर पाहणाऱ्या सर्वांना ते एकाच वेळी वाचता येते.

भस्म बुधवारनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सेत यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायातील वाचन असते, आणि ज्या वाचनाकडे लोकांचे लक्ष सर्वांत कमी जाते असे वाचन निवडायचे झाल्यास प्रस्तुत लेखकाचे मत त्यालाच पडेल. त्यात देव उपवास करणाऱ्यांना विचारतो की उपवासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना पिळून घेता, त्याचे काय. केळीच्या वाडीत रोजंदारीवर येणाऱ्या आदिवासी बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी कापताना, तराजूत भाजी घालताना किंवा जमिनीच्या व्यवहारात एक किंमत कागदावर व दुसरी पिशवीत ठेवताना उपवासकाळ आहे याचे स्मरण कितीजणांना होते हे तपासण्याची सोय चर्चमध्ये नाही. पण मजुरास, गिऱ्हाइकास आणि घरातल्या माणसांस ते अचूक ठाऊक असते. कपाळावरची राख संध्याकाळच्या आंघोळीत जाते, या तिघांचे मत मात्र वर्षभर टिकते, आणि माणूस चर्चमध्ये व चर्चबाहेर एकच आहे की दोन, याचा निवाडा करण्यास त्यांच्याइतका अधिकारी कोणी नाही.

पवित्र आठवड्यातील गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या स्मरणार्थ धर्मगुरू धर्मग्रामातील बाराजणांचे पाय धुतात, व २०१६ पासून त्यांत स्त्रियांचाही अधिकृतपणे समावेश होऊ शकतो. ज्यांची निवड होते ते त्या दिवशी घरून पाय साबणाने घासून, नखे कापून निघतात, त्यामुळे धर्मगुरूंच्या हाती येणारे पाय वर्षातील सर्वांत स्वच्छ पाय असतात. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार असतो, महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी असते आणि दुपारी तीनच्या विधीला सारे कुटुंब निघते, तेव्हा त्याच घरात आदल्या रात्रीची भांडी घासायला बाई आलेली असते. वाचकांना विनंती इतकीच, की यंदा त्या दिवशी तिला भरपगारी सुट्टी द्यावी, भांडी स्वतः घासावीत, आणि हे चर्चच्या आवारात कोणालाही सांगू नये.