पाण्याच्या ‘ध’चा ‘मा’

भाचा पुण्याहून आला तो यादी घेऊनच. मोबाईलवर त्याने कसलीशी हरित शपथ घेतली होती, आणि शपथ घेतलेल्या माणसाला दुसऱ्याचं घर सुधारल्याशिवाय जेवण जात नाही. ‘घरच्या घरी पर्यावरण वाचवा : एकवीस सोपे उपाय.’ गाडीतल्या एसीचा गारवा अंगावरून उतरायच्या आत त्याने पहिला प्रश्न टाकला.

“मामा, शॉवरखाली किती मिनिटं असता तुम्ही?”

मी आईकडे पाहिलं. “शॉवर आहे की आपल्याकडे,” आई म्हणाली, “तुझा मामा त्याला पंचा अडकवतो.”

कोपरगावच्या माणसाला पाणी वाचवायला सांगणं म्हणजे वारकऱ्याला चालण्याचे फायदे समजावण्यासारखं आहे. आमच्याकडे नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठ. उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की किती, ते विचारू नये. वर दारणा-गंगापूरचं पाणी सुटायचं, नांदूर मधमेश्वरहून ते कॅनॉलला लागायचं, येसगावचे साठवण तलाव भरायचे, मग गावातल्या टाक्या, मग आमची गल्ली. गोदावरी गावाला लागूनच वाहते. खाली जायकवाडीसाठी पाणी सोडतात तेव्हा आम्ही पुलावर उभे राहून ते बघतो. बघायला पट्टी लागत नाही.

“भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला,” भाच्याने दुसरा उपाय वाचला.

“मग पुण्यात इतके दिवस कुठे घालत होतास रे?” आईने खरोखरच्या काळजीने विचारलं.

आमच्याकडे एकेका बादलीला चार जन्म असतात. कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, फरशीचं पायरीला, पायरीचं उरलं तर संडासात, आणि मोक्ष तिथेच. भाजीची देठं शेजारच्या शेळीला जातात, शिळ्या पोळीला फोडणी बसते, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळतात. एसी 24 वर ठेवा, असाही एक उपाय होता. आमचा पंखा वीज असेल तेव्हा तीनवर असतो. एकवीसपैकी सतरा उपाय आईने चाळीस वर्षं केलेले निघाले. तिला त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही, कारण तेव्हा त्याला पर्यावरण म्हणत नसत, ओढाताण म्हणत.

अडलो ते दात घासण्यापाशी. “ब्रश करताना नळ बंद ठेवा, दिवसाला वीस लिटर वाचतात.” नळ बंद ठेवायचा म्हणजे काय, हे आईला समजेना; तो तर बंदच असतो. मला मात्र आकडा दिसला की हिशेब सुचतो. रोजचे वीस, म्हणजे वर्षाचे 7,300 लिटर. आता उसाला एका हंगामात, पावसाचं धरून, साधारण 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागतं. मधला 2,000 चा आकडा घेतला तर एका एकराला झालं 80 लाख लिटर. भागाकार केला. एक एकर ऊस भिजवण्याइतकं पाणी वाचवायचं तर आमच्या घराने अकराशे वर्षं नळ बंद ठेवून दात घासायला हवेत. राष्ट्रकूटांच्या राज्यात एखाद्या पूर्वजाने सुरुवात केली असती तर यंदा एक एकर झाला असता. ठिबक बसवलं तर थोडी सूट आहे. बहामनी काळापासून घासलं तरी भागेल.

“मग यादीत ऊस का नाही?” भाच्याने विचारलं.

“यादी घरची आहे ना,” मी म्हणालो.

खरं कारण वेगळं. तालुक्यात कोळपेवाडी आणि संजीवनी असे दोन सहकारी कारखाने. कुणाचा सासरा सभासद, कुणाचा मेव्हणा. उसाविषयी आम्ही घरातसुद्धा आवाज खाली घेऊन बोलतो. शिवाय आमचाही दीड एकर आहे, आणि तो पाटानेच भिजतो. भाच्याला मी हे सांगितलं नाही. त्याने चहात दोन चमचे साखर घातली आणि विषय आपोआप मिटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला गल्लीत हाक आली, “पाणी आलं!”

इथे आमचं पर्यावरण संपतं. आदल्या संध्याकाळपर्यंत ज्या पिंपातून तांब्या मोजून पाणी घेतलं, ते पिंप आईने आडवं केलं. समोरच्या वहिनींनी हंडे ओतले, वरच्या काकांनी टाकीची तोटी सोडली. पाच मिनिटांत गटारीला पूर आला. सातव्या रात्री अमृत असलेलं पाणी आठव्या पहाटे ‘शिळं’ झालं होतं. ते कोणत्या क्षणी शिळं होतं? नळाला पहिला फुस्स आवाज येतो, त्या क्षणी.

आमच्या बेटावर शुक्राचार्यांचं मंदिर आहे. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या या मातीतली, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि धडधाकट पाण्याला नळाच्या दिवशी मृत घोषित करून गटारीत सोडतो. पण या गावाचा दुसराही वारसा आहे. राघोबादादांनी अखेरचे दिवस इथे काढले आणि 1783 मध्ये इथेच देह ठेवला. त्यांच्या घरातल्या ‘ध’चा ‘मा’ची आख्यायिका शनिवारवाड्याला चिकटली असली, तरी ती आमच्या नळापाशी आठवड्याला घडते. सात दिवस हुकूम असतो, पाणी ‘धरावे’. आठव्या दिवशी कोण जाणे कोणाच्या हाताने अक्षर बदलतं.

भाचा डोळे चोळत बाहेर आला, ओलेत्या गल्लीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आजी, हे यादीत नाहीये.”

“शिळं पितोस का?” आजी म्हणाली. फ्रिजमधली बाटली त्याने कालच भरली होती, पण तो बोलला नाही. घरातल्या ज्येष्ठांसमोर पर्यावरण गप्प बसतं.

एवढ्यात आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. पलीकडे कुठेतरी टिल्लू पंप सुरू झाला होता. त्याला उत्तर म्हणून आणखी एक, मग तिसरा. शेजाऱ्याचं पाणी ओढायला वीज जाळणारं हे यंत्र वसुंधरेच्या कुठल्याच यादीत बसत नाही. ते कोनाड्यात पोत्याखाली बसतं. पावणेसहाला नळ गेला. आमचं पिंप निम्मं राहिलं, आणि सकाळी ओतलेलं अर्धं पिंप गटारीतून केव्हाच नदीकडे गेलं होतं.

भाचा दुपारी परतला. यादी फ्रिजवर चिकटवून गेला. बाविसावा उपाय त्याने पेनाने खाली लिहिलाय, आईला तो अजून दिसलेला नाही.

पुढचा नळ येत्या गुरुवारी आहे म्हणतात. गल्लीतल्या वाचकांना विनंती, त्या पहाटे पहिली पंधरा मिनिटं टिल्लू लावू नका. आमचं घर शेवटचं आहे.