रिव्हरडेलमधील आदर्श भरती
रिव्हरडेल गावचा कॉमिक्स-नायक आर्ची अँड्र्यूज १९४१ साली छापून आला, तो अजून हायस्कूलमध्येच आहे. दोन मैत्रिणींपैकी बेटी की व्हेरॉनिका, हा प्रश्नही अनिर्णित. अशा रखडलेल्या प्रकरणात त्रयस्थ लागतो, हे ओळखून आर्ची कॉमिक्स आणि डार्क हॉर्स या प्रकाशकांनी २०१५ साली ‘आर्ची व्हर्सेस प्रिडेटर’च्या चार अंकांसाठी अनुभवी उमेदवार नेमला: कवट्या जमवण्याचा छंद असलेला परग्रहवासी. निवड अभिनंदनीयच.

पाहुण्याने घराण्याच्या शिस्तीला गालबोट लावले नाही. फर्नांडो रुईझ यांची चित्रे नेहमीच्याच गोंडस वळणाची. आर्चीच्या कानशिलावरची जाळीदार रेघसुद्धा जागच्या जागी. काही पात्रांची मुंडकी तेवढी जागेवर राहिली नाहीत. शिवाय हा प्रिडेटर स्वतःच वयात येणारा, पोरींकडे लपूनछपून बघणारा. हल्लीच्या मुलांत एवढा संकोच कुठे उरलाय?

हाच न्याय शिक्षणखात्यानेही लावावा. वर्षानुवर्षे एकाच वर्गात बसणाऱ्यांसाठी प्रत्येक शाळेत एक प्रिडेटर, पूर्णवेळ, वेतनश्रेणीसह. गळती थोडी वाढेल. पण शिक्षक-विद्यार्थी प्रमाण झपाट्याने सुधारेल आणि पालकसभेला कोणी आवाज चढवणार नाही.

कथेअखेर आर्ची मरतो, बेटी-व्हेरॉनिका वाचतात आणि यंत्राच्या करामतीने प्रिडेटरलाच आर्चीचा तोंडवळा मिळतो. नायकाचे पद एक दिवसही रिक्त राहिले नाही. मुलाखतीचीही गरज पडली नाही. केस लाल होते, तेवढे पुरले.