२८ मेगाहर्ट्झची मागणी

डोंगरावर नवी डिश लावणारा माणूस आधी हवेत काय चाललंय ते बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो. रेडिओत स्पेक्ट्रम स्कॅनची सोय असते. थोडा वेळ थांबलं की आसपास कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते पडद्यावर दिसतं. तेवढंही न करता तो ८० मेगाहर्ट्झचा चॅनल टाकतो, पॉवर शेवटपर्यंत चढवतो आणि स्वतःची लिंक जुळली की खाली उतरतो. ५७२५ ते ५८७५ हा पट्टा सगळा मिळून १५० मेगाहर्ट्झचा. त्यात ८० चा चॅनल अख्खा असा एकच बसतो. मग संध्याकाळी आमच्या गावातल्या पोरांचा ऑनलाइन क्लास अडकतो आणि नेट पुरवणारा लहान ऑपरेटर म्हणून फोन मला येतो.

त्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं : "फ्री बँड आहे, दादा." खोटं नाही ते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले ६०५ मेगाहर्ट्झ परवान्यातून मोकळे झाले. चांगला निर्णय होता तो. त्याच्याच जोरावर सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्यांवर नेट पोचलं. पण त्या मोकळिकीला अटीही आहेत : दुसऱ्याच्या सिग्नलला बाधा आणायची नाही, आणि आपल्याला बाधा झाली तर संरक्षण मागायचं नाही. पहिली अट पाळली जाते का, हे बघायला डोंगरावर कोणी येत नाही. दुसरी मात्र मला रोज भोगावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं, की लहान ऑपरेटरनं निदान मुख्य लिंक परवान्याच्या फ्रिक्वेन्सीवर न्यावी. टॉवरपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा राहू दे फुकटच्या पट्ट्यात. पण ज्या एका लिंकवर अख्खं गाव अवलंबून आहे, ती तिथे ठेवू नये.

फ्रिक्वेन्सी निवडायला बसलं की पुढची कटकट सुरू होते. सामान विकणारा येतो तो ८० गिगाहर्ट्झचं माहितीपत्रक घेऊन. त्यातले गिगाबिटचे आकडे खरे असतात, फक्त त्यात आमचा पाऊस धरलेला नसतो. ताशी १०० मिलिमीटरची सर आली की ८० गिगाहर्ट्झचा सिग्नल दर किलोमीटरला साधारण ३० डेसिबल पडतो, म्हणजे हजारातला एक भाग उरतो. १५ गिगाहर्ट्झला हीच घट आठेक डेसिबल, तर ६-७ गिगाहर्ट्झला एक ते दोन. शहरात दोन इमारतींमधल्या अर्ध्या किलोमीटरसाठी ८० उत्तम. घाटाखालच्या दहा किलोमीटरला मी १५ सुद्धा भीतभीतच घेईन, आणि घेतलंच तर व्हर्टिकल पोलरायझेशनवर. पडताना थेंब चपटे होतात, त्यामुळे आडव्या लहरीचं नुकसान जास्त होतं.

विक्रेता ९९.९९ टक्के उपलब्धता सांगतो. याचा अर्थ वर्षाला सुमारे ५३ मिनिटं लिंक बंद. ती मिनिटं बारा महिन्यांत सारखी वाटलेली नसतात. ती जुलैत येतात, पाऊस सर्वांत जास्त कोसळत असताना. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तशा रात्री माणसाला नेट सिनेमा बघायला नको असतं. धरणातून किती पाणी सोडलंय, आई-वडील कुठे आहेत, हे कळायला हवं असतं. त्या तासाला चालणारी लिंक हवी, आणि ती खालच्या पट्ट्यातच मिळते. डिश मोठी लागते, टॉवरवर वाऱ्याचा भार वाढतो, मधल्या झाडांपासून सहा-सात मीटर मोकळीक ठेवावी लागते. हे सगळं मी करायला तयार आहे. मला २८ मेगाहर्ट्झची एक जोडी पुरेल. २५६ क्वाम मॉड्युलेशनवर तिच्यातून प्रत्येक दिशेनं १८० मेगाबिटच्या आसपास जातात, आणि तेवढ्यावर लहान गाव नीट चालतं.

पण ती मिळवायची कशी? फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा अर्ज, मास्टच्या जागेच्या मंजुरीसाठी वेगळा. एकीकडे अक्षांश दशांशात मागतात, दुसरीकडे अंश-मिनिट-सेकंदांत, आणि शेवटच्या आकड्यात फरक पडला की अर्ज परत. फीचं सूत्र अंतर, चॅनलची रुंदी आणि चॅनलची संख्या यांवर चालतं. त्या टॉवरमागे चाळीस घरं आहेत की चाळीस हजार, हे त्यात कुठेच येत नाही.

वरच्या पट्ट्यांची गोष्ट तर आणखी जिवाला लागते. १८९० च्या दशकात जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करत होते. म्हणजे ६० गिगाहर्ट्झ, आजचा व्ही बँड. त्याच देशात ई (७०-८० गिगाहर्ट्झ) आणि व्ही बँड खुले करण्याची शिफारस दूरसंचार नियामक ट्रायनं २०१४ मध्ये केली, आणि मे २०२५ मध्ये त्याच पट्ट्यांवर पुन्हा सल्लापत्र काढावं लागलं. मधल्या काळात, २०२२ मध्ये, ५जी लिलावातल्या कंपन्यांना ई बँडचे २५० मेगाहर्ट्झचे दोन-दोन कॅरियर तात्पुरते देण्याचं ठरलं. लहान ऑपरेटर त्या रांगेत नव्हता.

स्पेक्ट्रम लिलावानंच द्यावा लागतो, ही अडचणही आता पुढे करता येणार नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रेडिओ बॅकहॉल, म्हणजे टॉवरपर्यंतची अशी मुख्य लिंक, आहे. तो लिलावाविना देता येतो. अमेरिकेनं ७०-८० गिगाहर्ट्झसाठी २००३ मध्येच सोपी वाट काढली : देशभरासाठी एक परवाना, मग प्रत्येक लिंकची ऑनलाइन नोंद, आणि नोंद करतानाच आधीच्या लिंकला बाधा होत नाही ना याची तपासणी. जो आधी नोंदवील त्याला संरक्षण.

तशी नोंदवही ई बँडसाठी इथे उघडावी. आणि ७ गिगाहर्ट्झमध्ये डोंगरी तालुक्यांच्या लहान ऑपरेटरांसाठी २८ मेगाहर्ट्झच्या काही जोड्या राखून ठेवाव्यात. फी ग्राहकसंख्येवर, अर्ज एकच, आणि हो किंवा नाही हे उत्तर पावसाळ्याआधी.