बाहेरची चिठ्ठी

कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या फाटकासमोर मेडिकलच्या दुकानांची रांग असते. आत उपचार मोफत आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. मग समोरची दुकानं चालतात कशावर? आतून येणाऱ्या चिठ्ठ्यांवर. कागदाचा एक कपटा, त्यावर शिक्का नाही, सही नाही. दोन-चार औषधांची नावं आणि सोबत तोंडी निरोप: स्टॉक संपलाय, बाहेरून आणा.

अशाच एका दुकानात परवा एक बाई पुढे उभ्या होत्या. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहिल्या होत्या. रक्कम ऐकून त्यांनी पिशवीतल्या नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, "दादा, दोन दिवसांच्याच द्या."

"मावशी, कोर्स पुरा करावा लागतो."

"बरं वाटलं की राहू देते. एसटीला लागतात ना पैसे."

दुकानदाराने कात्रीने स्ट्रिप कापली. एक्स्पायरीची तारीख छापलेला तुकडा दुकानातच राहिला, बाकीचा बाईंच्या हातात गेला. डॉक्टरांनी लिहिलेला कोर्स परतीच्या तिकिटाने निम्म्याहूनही खाली आणला. अर्धवट कोर्समुळे आजार उलटतो आणि उरलेले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होण्याचा धोका वाढतो. पुढच्या खेपेला मग त्याहून महागडं औषध लागतं. आपण मात्र याला 'रुग्णांची बेफिकिरी' म्हणून मोकळे होतो.

भाव आटोक्यात ठेवायला कायदा आहे. तो नीट वाचला की संताप येतो. 2013 पूर्वी नियंत्रित औषधाची किंमत ठरवताना ते तयार करायला खर्च किती येतो, हे पाहिलं जाई. 2013 च्या आदेशाने हा हिशेब बदलला. आता बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची, वर किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के धरायचे आणि तिला कमाल किंमत म्हणायचं. म्हणजे ज्यांना लगाम घालायचा, त्यांच्याच भावावरून लगामाची लांबी ठरते! शिवाय घाऊक महागाई वाढली की ही मर्यादाही वर सरकते. एप्रिल 2023 मध्ये ती एका फटक्यात 12 टक्क्यांहून अधिक वर गेली. नियंत्रित औषधांच्या यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर कंपनीला दरवर्षी 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

बाजारात घासाघीस होते, भाव आपोआप उतरतात, असं सांगणाऱ्यांना एकच विचारायचं आहे: औषधाच्या दुकानात घासाघीस करणार कोण? औषध निवडतो डॉक्टर, विकतो दुकानदार, पैसे देतो तिसराच. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर तेच औषध स्वस्तात मिळत असूनही दुकानदाराला स्वतःहून बदलून देता येत नाही. जनऔषधी केंद्रं दहा हजारांच्या वर गेली, चांगलंच झालं. पण हातात ब्रँडची चिठ्ठी घेऊन तिथे गेलेला माणूस बहुतेकदा रिकामा परततो. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहावं, हा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा नियम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला.

नुसता भाव दाबूनही भागत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने बेंझिल पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन अशा आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती 50 टक्क्यांनी वाढवल्या. या भावात परवडत नाही, म्हणून कंपन्या उत्पादन बंद करू लागल्या होत्या. स्वस्त पण मिळतच नाही, असं औषध रुग्णाच्या काय कामाचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: सरकारने एकगठ्ठा विकत घ्यावं, तपासून घ्यावं, वेळेवर पोचवावं आणि फुकट द्यावं. हे स्वप्नरंजन नाही. तमिळनाडूने 1994 मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं आहेत आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक आहे. त्यात वर्षाची रक्कम जमा, औषध उचललं की तेवढी वजा. कुठे काय संपत आलंय ते आधीच कळतं, आणि माल दवाखान्यात जाण्यापूर्वी त्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं द्यायला सुरुवात केली. राजस्थान काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नव्हता.

आपण काय केलं? 2017 मध्ये राज्याची औषध खरेदी हाफकिनच्या गळ्यात मारली. परळची ही नामांकित संस्था लस आणि प्रतिविष बनवणारी. हजारो वस्तूंच्या निविदा काढणं हा तिचा पिंडच नव्हे. खरेदी रखडत गेली आणि अखेर 2023 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. प्रशासन म्हणालं, औषधांचा तुटवडा नव्हता. नातेवाईक म्हणाले, आम्ही बाहेरून आणली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोघांतलं कोण खरं, हे एका मिनिटात दाखवणारी नोंद तिथल्या तिथे सगळ्यांसमोर का नसावी?

क्षयरोगाच्या बाबतीत तर असा खेळ परवडणाराच नाही. जगात सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत, त्यांची औषधं केंद्राकडून येतात आणि ती एक दिवसही चुकवू नका, असं आपण रुग्णाला बजावतो. मार्च 2024 मध्ये मात्र पुरवठा आटला आणि स्थानिक पातळीवर खरेदी करा, असं केंद्रालाच राज्यांना कळवावं लागलं. रुग्णाने नियम पाळला. पुरवठा करणाऱ्यांनी मोडला.

तेव्हा प्राधिकरणाने गोदामातला साठा रोज प्रत्येक रुग्णालयाच्या दारातल्या फलकावर लावावा. बाहेरून औषध आणायला सांगायचंच असेल तर छापील, अनुक्रमांकाच्या चिठ्ठीवर सांगावं. तिच्यावर औषधाचं मूळ नाव, ते साठ्यात का नाही याचं कारण आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची सही असावी. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी आणि रुग्णाने भरलेले पैसे त्याला परत मिळावेत. पुढच्या अधिवेशनात आमदारांनी आरोग्यमंत्र्यांना एवढंच विचारावं: माझ्या जिल्ह्यात गेल्या महिन्यात अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या?