अंगावर बेतलेला ड्रेस

कापसाच्या मुलखातल्या बाईला कापडातलं सगळं कळतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. वाटायला कारणंही होती. दिवाळीच्या आगेमागे भडगावात रस्त्याला उभं राहा, कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना दिसतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असतात. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. त्यात लग्नाआधी मी शिवण क्लास केलेला. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय. माहेरून आलेल्या काळ्या मशीनवर मी परकर शिवले, पडदे शिवले, उशांचे अभ्रे तर गठ्ठ्याने शिवले, आणि आजवर एकाही उशीची फिटिंगबद्दल तक्रार आलेली नाही.

मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि डोक्यावरचा पंखा वरची गरम हवा इमानेइतबारे खाली आणून घालतो. खळ घातलेला कॉटनचा ड्रेस अकरा वाजता मान टाकतो. सिंथेटिक पाठीला चिकटतं, ते घरी गेल्यावरच सुटतं. अशात आमच्याकडे नाशिकहून एक मॅडम बदलून आल्या. त्यांच्या कुर्त्याला दिवसभरात एक सुरकुती पडेना. खुर्चीत बसल्या, उठल्या, रॅकवर चढून जुनं दप्तर काढलं, तरी कुर्ता सकाळी होता तसाच. मी न राहवून चिमटीत धरून पाहिला.

“होजिअरी आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे बनियनचं कापड?”

त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण किंमत सांगितली, आणि ती मला आवडली नाही. घरात मशीन असताना एवढे पैसे मोजायचे? या एका वाक्याने महाराष्ट्रातल्या किती बायकांचे रविवार खाल्ले असतील देव जाणे. माझाही खाल्ला.

कापड आणायला जळगावला फुले मार्केटमध्ये गेले. ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, “भाऊ, अडीच मीटर द्या.” दुकानदाराने ठाण उलगडलं, कापलं आणि सरळ तराजूत टाकलं. होजिअरीचं कापड किलोवर विकतात हे ज्यांना ठाऊक असतं ते गप्प राहतात. मी “ओ भाऊ, मी वांगी घ्यायला नाही आले” असं म्हणाले. दुकानातली पोरं हसली. मी घासाघीस करून अर्धा किलो मोरपंखी ड्रेस घेतला.

आता हे कापड असतं कसं, ते थोडं सांगायला हवं, कारण माझ्या पुढच्या सगळ्या पराक्रमांचं मूळ तिथे आहे. मागावरच्या कापडात उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांना धरून बसलेले असतात. होजिअरीत एकच धागा स्वतःचे फास करत पुढे जातो. फास ताणला की पसरतो, सोडला की आवरतो. साध्या होजिअरीचा हा ताण आडवा जास्त आणि उभा कमी असतो. म्हणूनच बनियन पोटावर पसरतं पण गुडघ्यापर्यंत लोंबत नाही. ज्याला आपण कापड समजतो ते मुळात फासांचं जाळं आहे, आणि त्यात सापडायचं कोण ते कात्री ज्याच्या हातात त्याने ठरवायचं.

मी ठरवलं. क्लासमध्ये शिकवलं होतं, की छातीच्या मापात चार इंच सैल धरायचं. पण मोबाइलवर पाहिलं तर होजिअरीला सैल धरायचं नसतं, उलट मापातून वजा करायचं, कारण कापड ताणतं. हे मला फार पटलं. वजा करण्याने माझी छत्तीस-अडतीस वगैरे मापं एकदम कॉलेजातल्या आकड्यांवर आली. टेप इतक्या प्रेमाने माझ्याशी कधी बोलली नव्हती. इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण कागदाचा नमुना कापडावर ठेवला आणि दिसलं, की हाच आडवा ठेवला तर उरलेल्या तुकड्यात लेकीचा टॉप निघतो! कापड वाया घालवणं आमच्या घराण्यात बसत नाही. फिरवला नमुना आणि चालवली कात्री.

ज्यांना वरचा परिच्छेद नीट समजला ते आत्ताच कपाळाला हात लावतील. आडवा ताण आता उभा झाला होता. म्हणजे जिथे ड्रेसने सैल व्हायला हवं, त्या कमरेला आणि दंडाला तो हटून बसणार, आणि जिथे जागच्या जागी राहायला हवं, त्या उंचीत तो मोकाट सुटणार. त्यात मापं मी वजा केलेली. नियम अर्धा पाळला की असं होतं; अजिबात पाळला नसता तर निदान श्वास तरी घेता आला असता.

कापल्याबरोबर कडा गुंडाळायला लागल्या, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडासारख्या. एक कड सरळ करून टाचणी लावावी, तर दुसरी वळून बसलेली. सुलटी बाजू कुठली आणि उलटी कुठली हे ओळखायला मी चष्मा लावून खिडकीत गेले आणि तरी एक बाही उलटी लागलीच. शिवायला बसले तर मशीन टाके गाळायला लागलं. चार टाके पडायचे, दोन गायब, आणि जिथे सुई गेली तिथे बारीक भोक. दोरा बदलला, बॉबीन बदलली, मशीनला तेल दिलं. त्या तेलाचा डाग पाठीवर मधोमध पडला, तो अजून आहे.

शेवटी बाजारातल्या टेलरभाऊंकडे गेले. त्यांनी कापड हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं, ते डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात तसलं पाहणं होतं.

“ताई, सुई कोणती वापरली?”

“मशीनची.”

“याला बॉलपॉइंट लागते.”

मी पर्समधून पेन काढून दिलं.

टेलरभाऊ सभ्य माणूस, हसले नाहीत. आतल्या पोराला हाक मारून सुई आणायला सांगितली. साध्या सुईचं टोक अणकुचीदार, ते फास कापत जातं. बॉलपॉइंट सुईचं टोक गोलसर, ते फासाला बाजूला सारून मधून निघतं. दुसरं त्यांनी सांगितलं ते टाक्याचं. आपल्या घरच्या मशीनचा सरळ टाका वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ मारत जातो, त्याला ताण सोसत नाही. कापड ताणतं, टाका ताणत नाही, मग टाका तुटतो. अशा कामाला ओव्हरलॉक लागतं. “ठेवून जा, मारून देतो,” म्हणाले. मी म्हटलं, “नको, मी हाताने बघते.” लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आठवलं होतं ना!

सुई बदलून ड्रेस पुरा केला. गळ्याची पट्टी गळ्याच्या मापाएवढीच कापली. ती थोडी कमी कापून ताणून लावायची असते, म्हणजे गळा बसतो. माझा गळा बसला नाही, लाटा काढत उभा राहिला. दोन्ही बाजूंना खोल खिसे लावले. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात यावर मी कचेरीत नेहमी बोलते, त्यामुळे ते तर लावणं भागच होतं.

घालून पाहिला. म्हणजे डोक्यातून घातला, खांद्यावर आला आणि तिथे अडकला. दोन्ही हात वर, तोंड आत, आणि बगलेतून कट् कट् आवाज. सासूबाई दारात आल्या.

“हाऊ काय शे वं?”

“ड्रेस,” मी आतून म्हणाले.

“झगा शे का बनियान?”

सासूबाईंना कल्पना नव्हती, पण हा प्रश्न पॅरिसलाही पडला असणार. हे कापड मुळात मोज्यांसाठी. इंग्लंडात विल्यम लीने ते विणायची चौकट काढली १५८९ साली. पुढे त्याचे पुरुषांचे आतले कपडे झाले, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमाराला, कोको शानेलने त्याच कापडाचे बायकांचे पोशाख शिवून बड्या घरच्या बायकांना घालायला लावले. शानेलबाईंनी नमुना उभाच ठेवला असणार. सासूबाईंनी बाह्या धरून मला आत ओढलं. ड्रेस खाली आला. आरशात पाहिलं तर पोटावर प्रत्येक जेवणाची नोंद स्पष्ट दिसत होती. कापूस इतका खरं बोलतो हे मला माहीत नव्हतं. वरून ओढणी घेतली आणि म्हटलं, चालतंय.

घालायला नेमका शुक्रवार निवडला. शुक्रवारचं कलम सांगते. ८ डिसेंबर २०२० ला सरकारने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांनी कसा पोशाख करावा ते सांगितलं. त्यात कार्यालयात टी-शर्ट नको, आणि आठवड्यातून निदान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असं आहे. आमच्याकडचे एक ज्येष्ठ भाऊसाहेब दर शुक्रवारी टेरिकॉटची सफारी घालून येतात आणि खादीवर बोलतात. “मॅडम, आपला जिल्हा म्हणजे काय? १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं! गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन मांडायला लावलं!” सगळं खरं आहे. फक्त ते टेरिकॉटमधून ऐकावं लागतं.

त्या दिवशी त्यांनी मला खालून वर पाहिलं.

“टी-शर्ट चालत नाही, मॅडम.”

“कुर्ता आहे हा. शुद्ध सुती.”

“गुडघ्याच्या वर आहे.”

ते बरोबर होतं, सकाळी तो गुडघ्याच्या वर होता. पण मी उजव्या खिशात मोबाइल टाकला होता आणि डाव्या खिशात तिन्ही लोखंडी कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा. साडेअकरापर्यंत ड्रेस गुडघ्याखाली आला. जेवणाच्या सुट्टीत नाशिकच्या मॅडम म्हणाल्या, “तुमचा कुर्ता सकाळी आखूड वाटत होता ना?” मी म्हटलं, “भास.” दुपारी तीनला मी पोटरीपर्यंत झाकलेली होते, आणि किल्ल्यांचा भार जास्त म्हणून डावीकडे जरा अधिकच. परिपत्रकाच्या दृष्टीने पाहिलं तर सकाळी मी दोषी होते, दुपारी निर्दोष, आणि संध्याकाळी थेट गाऊनमध्ये. कमरेला मात्र तसूभर ढिला झाला नव्हता. जेवणाचा डबा मी अर्धाच खाल्ला.

आणि अशा वेळी साहेब आले. मोठे साहेब, जळगावहून, न सांगता. सगळे उभे राहिले. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन थांबले आणि नेमका माझा मोबाइल वाजायला लागला. वाजत होता लेकीने लावून ठेवलेल्या कोंबड्याच्या आवाजात. खिसा सकाळी मांडीवर होता म्हणून हात मांडीवर गेला. तिथे खिसा नव्हता. खिसा गुडघ्याच्या खाली उतरला होता. मी कमरेतून वाकले, हात लांब करून खाली घातला, आणि साहेब घाईघाईने मागे सरले.

“अहो, नमस्कार कशाला, बसा, बसा!”

भाऊसाहेबांना वाटलं प्रथाच पडली, तेही वाकले. त्यांच्यामागे शिपाई. त्या वाकण्यात माझ्या पाठीची शिवण गेली, वरपासून तेलाच्या डागापर्यंत. आवाज इतका नीट ऐकू आला, की साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मी ओढणी पाठीवर घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. साहेबांनी विचारलेली प्रत्येक फाइल नाशिकच्या मॅडमनी काढून दिली. जाताना साहेब म्हणाले, “या बाई फार नम्र आहेत,” आणि त्यांच्या त्या शेऱ्याचं वजन आमच्या कचेरीत मी अजून सोसतेय. दरवाजापर्यंत सोडायला जायचं काम तेव्हापासून माझंच.

घरी आले तर सासूबाई ओट्यावर. त्यांनी मला पायापर्यंत पाहिलं.

“सकायले त् आखूड व्हता!”

मी ड्रेस काढून कोपऱ्यात फेकला. नंतर पाहते तर त्यांनी तो उचलून टेलरभाऊंकडून बाजूच्या शिवणी उकलून घेतल्या, उरलेल्या तुकड्यातून कळ्या घालून घेतल्या (लेकीचा टॉप गेला), ओव्हरलॉक मारून घेतलं आणि रात्री गच्चीवर झोपताना घातला. मऊ, गार, घोट्यापर्यंत. दुसऱ्या संध्याकाळी तो घालून त्या गल्लीत बसल्या. आता आमच्या गल्लीतल्या वयस्कर बायका एकेक करून माझ्याकडे येतात. टेलरभाऊंकडे शिलाई द्यावी लागते, माझ्याकडे फक्त चहा प्यावा लागतो, तोही माझ्याच घरचा.

काल समोरच्या आजी अर्धा किलो कापड पिशवीतून घेऊन आल्या. मी वही-टेप काढली, छाती मोजली, कंबर मोजली आणि उंची घ्यायला खाली बसले तर त्यांनी टेपच हातातून काढून घेतली.

“उंची कसाले ली ऱ्हायनी माय? तो आपसूक वाढस ना!”