ओळंब्यासह पुणे दर्शन

हिमालयाच्या यात्रेस निघालेला मनुष्य हिमालय जागेवर असेल एवढे तरी गृहीत धरू शकतो. पुण्यात विकत घ्यावयाचे घर पाहण्यास निघालेल्या इसमाला तेवढाही भरवसा नसतो, कारण या शहरात घर एक तर होऊन गेलेले असते किंवा व्हावयाचे असते, आणि आज डोळ्यांसमोर जे उभे आहे त्याविषयी बोलणे विकणाऱ्यास अप्रशस्त वाटते. म्हणून वकिलांनी तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोन व मिळकत पत्रिका यांची रुजुवात घालून मिळकतीवर कसलाही बोजा नसल्याचा निर्वाळा दिल्यानंतरही, सौभाग्यवतींच्या आग्रहास्तव आम्ही बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरसाहेबांस बरोबर घेतले. त्यांच्या पिशवीत ओळंबा, पाणसळ, फीत आणि हातोडी अशी चार आयुधे असून त्यांचा स्वभावही या चौघांइतकाच निर्विकार होता.

पहिला मुक्काम नारायण पेठेत, नदीच्या अंगास असलेल्या एका वाड्यात पडला. ‘या’ म्हणण्यापूर्वी चपला कोणत्या फरशीवर काढाव्यात याची ताकीद देऊन वृद्ध मालकांनी आमचे स्वागत केले. ओव्हरसियरसाहेबांनी माजघराच्या भिंतीवर हातोडी हलकेच वाजविली. गिलावा पोकळ बोलला आणि लोणा लागलेला एक भलाथोरला पोपडा खाली आला.

“भिंतीला ओल आहे.”

“कोणती म्हणता? खालची नानासाहेब पेशव्यांची आहे, वरची पानशेतची.”

नानासाहेबांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावांचे पाणी दगडी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले ही गोष्ट इतिहाससिद्ध आहे. त्या नळाची एक शाखा आपल्याच जोत्याखालून गेली आहे, ही तीत मालकांनी घातलेली भर होती. वरच्या रेघेचा दाखला मात्र साऱ्या शहराला पाठ होता. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांत पाणी पुरुषभर चढले. ओव्हरसियरसाहेबांनी फीत लावून त्या रेघेची उंची टिपली, भिंतीला वळसा घातला आणि पलीकडील बिऱ्हाडाच्या मोरीचा फुटका पाइप शोधून काढून नानासाहेबांस दोषमुक्त केले.

“तो पाइप बदलून का घेत नाही?” आम्ही विचारले.

“१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून ज्यांचे भाडे जागचे हललेले नाही, त्यांची मोरी मी दुरुस्त करू? वर्षाच्या भाड्यात वीतभर पाइप तरी येतो का, सांगा!”

कोथरूडच्या मुक्कामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तेथील सहकारी गृहरचना संस्थेच्या चिटणिसांनी छताच्या गळतीकडे पाहूही न देता, हा विषय गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेने पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेकडे वर्ग केला असल्याने तूर्त गळती अस्तित्वात धरता येत नाही, असा खुलासा केला.

बाणेरच्याही पलीकडे, जेथे पुणे कोठे संपले हे केवळ करआकारणी खात्यालाच ठाऊक असावे अशा ठिकाणी, आम्ही भविष्यकाळात प्रवेश केला. टाय बांधलेल्या एका नम्र तरुणाने आम्हांला नमुना सदनिका दाखविली. तिच्यातील खोल्या प्रशस्त भासाव्यात म्हणून दारे मुळात बसविलीच नव्हती, आणि पलंग अशा मापाचा होता की त्यावर निजणाऱ्याने आपले पाय घरी ठेवून यावे. आम्हांस मिळावयाची सदनिका चौदाव्या मजल्यावर होती. मजले तूर्त सहा होते. ओव्हरसियरसाहेबांनी सवयीने ओळंबा काढला, लावण्यास भिंत नाही असे पाहून तो पिशवीत परत ठेवला आणि विचारले, “दोष निघाले तर?”

“साहेब, २०१६ च्या रेरा कायद्याचे १४ वे कलम आहे ना! ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून द्या, तीस दिवसांत फुकट दुरुस्त करावा लागतो आम्हांला.”

“आणि पाणी?”

“येणार आहे,” तरुण म्हणाला. तेवढ्यात फाटकाशी टँकरचा भोंगा वाजल्याने त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

ओव्हरसियरसाहेबांचा अहवाल दीड पानांचा असून त्यात पेशवाई नव्हती आणि भावी मेट्रोही नव्हती. ‘आहे’ व ‘नाही’ या दोनच क्रियापदांवर तो उभा होता. घासाघीस करण्यास हे उत्तम हत्यार मिळाले, अशा हिशेबाने आम्ही तो घेऊन नारायण पेठेत गेलो. मालकांनी चष्मा पुसून तो अथपासून इतिपर्यंत वाचला, मोरीचे कलम मनावर न घेता पुढे सरकले आणि ‘वरील रेघ १९६१ च्या महापुराची असण्याशी सुसंगत आहे’ या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी अहवालाची साक्षांकित नक्कल मागितली. ती आम्ही दिली. त्यानंतर, पूररेषा आता तज्ज्ञाच्या सहीशिक्क्याने शाबीत झाली असल्याचे कारण दाखवून त्यांनी वाड्याची किंमत एक लाखाने वाढविली. पाहणीची फी अर्थातच आमच्याकडे होती.