नवनाखवा

जुनी शिडाची होडी घेतलेला मराठी माणूस लग्नाच्या पंगतीतही ओळखता येतो. नखांत वाळलेलं रेझिन, कोपराला चिकटपट्टी, आणि मठ्ठा बाजूला सारून कागदी रुमालावर डोलकाठीची आकृती काढणं चालू. शेजारच्याने "सध्या काय चाललंय?" एवढं विचारायचा अवकाश. या इसमाला मी नवनाखवा म्हणतो. खरा नाखवा कोळीवाड्यात असतो, होडी हे त्याचं पोटपाणी असतं आणि "होडी कशाला घेतलीत?" असं त्याला कुणी विचारत नाही. नवनाखव्याला सगळे तेवढंच विचारतात.

वय पंचेचाळीस ते साठ. नोकरी बँकेत, आयटीत किंवा एखाद्या कंपनीच्या खरेदी खात्यात. घरात आजवर एक खिळा ठोकलेला नाही. पंख्याचा कंडेन्सर बदलायलाही वायरमन लागतो. समुद्राशी संबंध गणपती विसर्जनापुरता. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, आणि आपल्यातले बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करूनच फोटो काढून घेतात, हाही त्यातलाच.

मग कधीतरी तो दिलीप दोंदे यांच्याबद्दल वाचतो. नौदलाच्या या अधिकाऱ्याने २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पाठोपाठ त्याला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन सापडतो. कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी घालणारा तो पहिला माणूस, १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, आणि त्याची बत्तीस फुटी 'सुहैली' बांधली होती कुठे? मुंबईत! सागवानाची! हे वाक्य नवनाखवा अशा थाटात उच्चारतो की ऐकणाऱ्याला वाटावं, सागवान यांच्याच वखारीतून गेलं होतं.

'म्हादेई' छप्पन्न फुटांची. हा घेतो ती सव्वातेरा फुटांची. एंटरप्राइज जातीची, दोघांनी चालवायची, प्लायवूडची होडी. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आरेखकाने १९५६ साली ती काढली. हौशी माणसाला घरच्या घरी बांधता यावी, हाही हेतू होताच. या जातीची शिडं निळी असत. आपल्या नायकाच्या होडीचीही एके काळी निळी असावीत. आता त्यांचा रंग ठरवायला पंच बसवावे लागतील.

होडी एकट्याने घेत नाहीत. भागीदार लागतो आणि तो बहुधा मेहुणा असतो. निम्मे पैसे तो देतो, उरलेलं सगळं मताच्या रूपाने. "दाजी, तो बोल्ट उलटा बसलाय," हे तो खुर्चीत बसून सांगतो, आणि दुर्दैवाने बोल्ट खरोखरच उलटा बसलेला असतो.

विकणाऱ्याने सांगितलेलं असतं, "रंगाचा एक हात मारा की पाण्यात." रंग खरवडला की खाली दुसरा रंग निघतो, त्याखाली लांबी, लांबीखाली तिसरा रंग. मग मेहुणा सहज पेचकस टेकवतो आणि तो मुठीपर्यंत आत जातो. लाकूड खाऱ्या पाण्याने कुजत नाही तेवढं पावसाच्या गोड्या पाण्याने कुजतं, हे ज्ञान दोघांना इथे होतं. होडी दोन पावसाळे उताणी पडून होती. समुद्रावर असती तर वाचली असती!

सोसायटीत तिला जागा मिळते ती चारचाकीच्या पार्किंगमध्ये. लांबी जेमतेम चार मीटर, म्हणजे छोट्या मोटारीइतकीच, त्यामुळे सेक्रेटरींना नियमावर बोट ठेवता येत नाही. पार्किंगच्या नियमांत 'वाहन' असं लिहिलंय. ते जमिनीवरचं असावं असं कुठे म्हटलंय? वार्षिक सभेत या मुद्द्यावर पाऊण तास चर्चा होते आणि पाण्याच्या टाकीचा विषय पुढच्या वर्षावर जातो. वीसेक फुटांची डोलकाठी कंपाउंडच्या भिंतीलगत विटांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तळमजल्याच्या गोधड्या वाळत असतात.

आता रेझिन. फायबरग्लासच्या दुकानात गेलं की डब्यासोबत दोन बाटल्या देतात, एक जांभळट कोबाल्टची, दुसरी हार्डनरची. दुकानदार बजावतो, "या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधी मिसळू नका, भडका उडेल." ही ताकीद खरीच आहे: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, मग हार्डनर. घरी हे ऐकल्यावर बायको एक बाटली गॅलरीत आणि दुसरी जिन्याखाली ठेवते, आणि "अहो, यातली एक परत देऊन या" असं महिनाभर म्हणत राहते. मे महिन्याच्या दुपारी हार्डनर मापापेक्षा जरा जास्त पडलं की मिश्रण ब्रश बुडवायच्या आत तापतं, धुरावतं आणि दगड होतं. ते ज्यात कालवलेलं असतं तो बाथरूममधला मग असतो. पुढे कळतं की हे स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन प्लायवूडला धड चिकटतच नाही, इपॉक्सी लागतं. सबंध ठिगळ एका झटक्यात सुटून हातात येतं. त्या क्षणी नवनाखव्याचा चेहरा पाहावा. तो दुःखी नसतो. त्याला नवीन काहीतरी आणायला जायचं असतं!

कारण या माणसाचं खरं तीर्थक्षेत्र नागदेवी स्ट्रीट आहे. शनिवारी सकाळी तो तिथे जातो, खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन. स्टीलच्या शॅकलला चुंबक चिकटलं नाही की "हे ३१६ आहे" असं जाहीर करतो. खाऱ्या हवेत ३१६ नंबरचं स्टील टिकतं, ३०४ वर लवकर तांबूस डाग पडतात, हे बरोबर. पण चुंबक तर दोन्हींना चिकटत नाही. दुकानदार हे जाणून असतो आणि गप्प असतो. तिथून दारुखान्यात. मोडीत निघालेल्या जहाजांचा माल तिथे मिळतो, आणि सव्वातेरा फुटी होडीसाठी पाचशे फुटी जहाजाचा पितळी दिवा स्वस्तात पडला, हा हिशेब फक्त नवनाखवाच घरी पटवू शकतो.

दोरीच्या बाबतीत मात्र तो काटकसर करतो आणि तिथेच फसतो. शीड चढवायला नायलॉन घेतो, कारण ती मजबूत असते. मजबूत असतेच, पण ताणली की लांबते. नांगराला तो गुण, शिडाला अवगुण. तिथे पॉलिएस्टर हवी.

फाटलेलं शीड कोपऱ्यावरच्या टेलरकडे जातं. हा टेलर माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला एकमेव समंजस माणूस. तो कापड उलगडतो, दोन्ही अंगांनी पाहतो आणि गंभीरपणे विचारतो, "अस्तर लावायचंय का?" शिडाची शिवण नागमोडी हवी, म्हणजे ताण आला तरी धागा तुटत नाही, हे नवनाखवा त्याला चित्र काढून समजावतो. "म्हणजे झिगझॅग," टेलर म्हणतो आणि पुढच्या ब्लाउजकडे वळतो. शीड चार दिवसांत तयार असतं, बिलावर 'पडदा' असं लिहिलेलं.

रात्री गाठींचा रियाझ. बोलाइन ही गाठ ताण आला तरी सरकत नाही आणि हवी तेव्हा सहज सुटते. ती अंगवळणी पडावी म्हणून तो बातम्या बघताना पायजम्याच्या नाडीवर सराव करतो. परिणाम काय होतात ते सभ्य मासिकात सांगण्यासारखं नाही.

आणि मग डोलकाठी उभी करण्याचा रविवार. दोन बाजूंनी दोन तारा, पुढून एक. या तिन्ही योग्य ताणल्या की काठी सरळ राहते. वरून विजेची तार जात नाही ना, हे मात्र आधी बघावं, आणि हे मी विनोद म्हणून सांगत नाही. सगळी सोसायटी गॅलरीत. वॉचमन पाया धरतो, मुलं तारा ओढतात, मेहुणा "डावीकडे" म्हणतो. काठी उभी राहते, टाळ्या पडतात, आणि त्या आनंदात नवनाखव्याच्या हातून शीड चढवायच्या दोरीचं टोक सुटतं आणि सरसरत वर जातं. वीस फुटांवर. होडीच्या काठीवर माणूस चढू शकत नाही. मग सगळी होडी आडवी कलंडवायची, टोक पकडायचं, पुन्हा उभी करायची. पुढचं शीड उलटं चढलंय, हे तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सांगतात.

जलावतरणाचा मुहूर्त पौर्णिमा, संध्याकाळी पाच. मावळतीच्या उजेडात फोटो चांगले येतात. टेम्पोतून होडी बेलापूरजवळच्या कोळीवाड्याच्या धक्क्यावर पोचते, नारळ, पेढे, नातेवाईक. समोर पाणी नाही. नजर जाईल तिथवर चिखल, त्यात बगळे. जाळं शिवत बसलेले एक वृद्ध नाखवा मान वर करून विचारतात, "मुहूर्त कशात बघितला?"

"कालनिर्णयात."

"मग तिथी पण त्यातच होती ना?"

आणि ते हिशेब सांगतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सकाळी होऊन गेली, आत्ता सुकती. नवनाखव्याच्या फोनमध्ये भरती-ओहोटीची दोन ॲप असतात. पेढे धक्क्यावरच वाटले जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी तरंगते. खरंच तरंगते, गळत नाही, आणि वारा शिडात भरला की पाण्याला कापत अशी निघते की काठावरच्या सगळ्यांच्या मनात क्षणभर असूया येते. ही असूया प्रामाणिक आहे. पाऊण तासाने नायलॉनची दोरी लांबते, शीड लोंबकळतं, मेहुणा "बघा, म्हटलं होतं" म्हणत चुकीच्या बाजूला बसतो आणि होडी कलंडते. बुडत नाही, आत हवेच्या पिशव्या असतात. पोटाखालच्या फळीवर उभं राहून भार दिला की ती पुन्हा सरळ होते, फक्त काठीचं टोक तळच्या चिखलात रुतलं नाही तर. ते रुततं. वृद्ध नाखव्यांचा नातू मचवा घेऊन जातो आणि दोघांना, होडीला आणि एका चपलेला घेऊन येतो.

मला वाटलं होतं, आता विक्रीची पाटी लागेल. तुम्हालाही वाटलं असेल, तर तुम्ही नवनाखव्याला ओळखलं नाही. त्याच रात्री तो पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन दुरुस्त्यांची यादी करत होता, आणि इतका खूश मी त्याला पाण्यावरही पाहिला नव्हता. समुद्र हे त्याचं निमित्त आहे. त्याला होडी दुरुस्त करायची आहे. ती पूर्ण दुरुस्त झाली तर त्याची पंचाईत होईल. सुदैवाने लाकडाच्या होडीत तसा धोका नसतो.

दरम्यान मेहुण्याने पाठदुखीचं कारण सांगून राजीनामा दिलाय. होडीला दुसरा माणूस लागतोच: पुढचं शीड सांभाळायला आणि वाऱ्याच्या बाजूला बाहेर झुकून भार द्यायला. तेव्हा पावसाळा सरल्यावर लग्नात तुमच्या शेजारी बसून कुणी कागदी रुमालावर रेघोट्या मारू लागला, तर उठून जाऊ नका. हो म्हणा. लाइफ जॅकेट घाला, चष्म्याला दोरी बांधा आणि शीड चढवायची दोरी पॉलिएस्टरचीच आहे याची खात्री करून घ्या.